मनगटातून हृदयाकडे : फरीदाबादमधील बिनचिरफाडीच्या हृदयोपचारांचा इतिहास

छाती न उघडता हृदयावर उपचार करण्याची वाट मनगटातून किंवा जांघेतून जाते. तिथल्या धमनीत सुई टोचतात, सुईतून बारीक तार आत सारतात, सुई काढून घेतात आणि तारेवरून प्लास्टिकची लांब, पोकळ नळी हृदयापर्यंत नेतात. या नळीला कॅथेटर म्हणतात. तिच्यातून रंगद्रव्य सोडले की क्ष-किरणांच्या पडद्यावर रक्तवाहिनी दिसते. तिच्यातूनच फुगा, जाळीची नळी किंवा नवी झडप आत नेता येते. रुग्ण बहुतेक वेळा जागा असतो आणि एकदोन दिवसांत घरी जातो. दिल्लीला खेटून असलेल्या फरीदाबाद या कारखान्यांच्या शहरात हे उपचार आज अनेक रुग्णालयांत होतात. ते तिथे कसे पोचले, हे समजायला वैद्यकाच्या इतिहासाबरोबर त्या शहराचाही इतिहास पाहावा लागतो.

जुने फरीदाबाद जहांगीराचा खजिनदार शेख फरीद याने 1607 मध्ये वसवले, असे परंपरा सांगते. आजचे शहर मात्र फाळणीतून जन्मले. वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट या भागांतून उखडलेली हजारो कुटुंबे 1949 पासून इथे वसवली गेली. फरीदाबाद विकास मंडळाचे अध्यक्षपद राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होते, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचे कार्यकर्ते छावणीत राबत होते. महाराष्ट्रात उल्हासनगर आणि पिंपरी कॅम्प सिंधी निर्वासितांनी उभे केले. त्यांचेच हे उत्तरेकडचे भावंड. फरक एवढाच की इथे निर्वासितांनी आपल्या हातांनी घरे, रस्ते आणि रुग्णालयही बांधले. वस्तीचे पाच भाग पाडले गेले. त्यांच्या नावातली ‘एनएच’ ही अक्षरे महामार्गाची नाहीत, ती ‘नेबरहुड’ची आहेत, लोक मात्र नुसते एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर असे म्हणतात. रुग्णालयाला सरहद्दीवरच्या या माणसांनी खान अब्दुल गफारखान यांचे, म्हणजे बादशाह खान यांचे नाव दिले. 2020 मध्ये त्याला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव देण्यात आले, तरी गावाच्या तोंडी ते ‘बीके’च राहिले आहे.

निर्वासितांच्या हातांना काम हवे होते आणि दिल्लीजवळ जमीन मोकळी होती. मथुरा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने आले. बाटाच्या कारखान्यावरून एका चौकाला नाव पडले, ते पुढे मेट्रोच्या स्थानकालाही मिळाले. 1944 मध्ये लाहोरात सुरू झालेली आणि फाळणीनंतर इकडे आलेली एस्कॉर्ट्स ही नंदा बंधूंची कंपनी फरीदाबादेत ट्रॅक्टर आणि राजदूत मोटारसायकली बनवू लागली. तिचेही नाव ‘एस्कॉर्ट्स मुजेसर’ या स्थानकाने जपले आहे. या मोठ्या नावांच्या गर्दीत एक लहान वस्तू सहसा नजरेतून सुटते, ती म्हणजे इंजेक्शनची सुई. 1957 मध्ये नरिंद्रनाथ यांनी सुरू केलेला हिंदुस्तान सिरिंजेस हा उद्योग शेजारच्या बल्लभगढ परिसरात वाढला. काचेची सिरिंज पातेल्यात उकळून पुन्हापुन्हा वापरण्याचे दिवस सरले आणि एकदा वापरून टाकायची प्लास्टिकची सिरिंज आली, तेव्हा याच उद्योगाचे ‘डिस्पोव्हॅन’ हे नाव देशभर दवाखान्यांत पोचले. 1995 मध्ये स्थापन झालेल्या पॉली मेडिक्युअरने इथेच शिरेत बसवायच्या कॅन्युला बनवायला घेतल्या. छाती न उघडता करायचा प्रत्येक उपचार एका टोचण्यापासून सुरू होतो. ते टोचणे स्वस्त, निर्जंतुक आणि रोजचे करण्यात या शहराचा वाटा मोठा आहे, आणि हृदयोपचारांच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी.

माणसाच्या हृदयापर्यंत नळी नेण्याचे धाडस पहिल्यांदा 1929 मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने केले, तेही स्वतःच्याच शरीरावर. दंडाच्या शिरेतून नळी घालून तो जिना उतरून क्ष-किरण विभागात गेला आणि तिचे टोक हृदयात असल्याचे चित्र काढून घेतले. वरिष्ठांना ते मुळीच रुचले नाही. नोबेल पारितोषिक मात्र त्याला 1956 मध्ये मिळाले, हेच तंत्र पुढे नेणाऱ्या कूरनाँ आणि रिचर्ड्स यांच्यासह. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये सुई, तार, नळी हा क्रम बसवून दिला आणि रक्तवाहिनी कापून उघडण्याची गरज संपली. 1958 मध्ये क्लीव्हलँडला मेसन सोन्स यांच्या हातून रंगद्रव्य चुकून थेट हृदयाच्या उजव्या धमनीत गेले. तोवर असे झाल्यास हृदय बंद पडेल अशीच समजूत होती. रुग्ण वाचला, आणि त्या अपघातातून हृदयधमन्यांची अँजिओग्राफी जन्मली.

पाहण्याकडून दुरुस्त करण्याकडे पहिले पाऊल पडले ते हृदयात नव्हे, पायात. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांच्यासमोर 82 वर्षांची एक स्त्री होती. तिच्या पावलात गँगरीन सुरू झाले होते आणि पाय कापू द्यायला तिचा ठाम नकार होता. डॉटर यांनी मांडीतल्या धमनीच्या अरुंद जागेतून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या घातल्या; रक्त वाहू लागले आणि ती पुन्हा चालू लागली. हीच कल्पना आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी फुग्यावर नेली. झुरिकमधल्या घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्नी आणि सहकाऱ्यांच्या मदतीने ते नळीच्या टोकाला प्लास्टिकचे फुगे बसवत. 16 सप्टेंबर 1977 रोजी त्यांनी 38 वर्षांच्या रुग्णाच्या हृदयधमनीत फुगा फुगवून अडथळा दाबून टाकला. जागत्या माणसावर केलेली ही पहिली हृदयधमनी अँजिओप्लास्टी. फुगा काढल्यावर काही धमन्या पुन्हा मिटत, म्हणून 1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवून देण्यास सुरुवात झाली. या स्टेंटला उत्तर भारतात ‘छल्ला’ म्हणतात. ‘दिल में दो छल्ले पडे हैं’ एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला सगळे कळते.

भारतात हृदयधमनीची अँजिओप्लास्टी 1986 मध्ये चेन्नईत मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल यांनी सुरू केली. ते ग्रुंटझिग यांच्याच हाताखाली शिकून आले होते. पण त्या काळात गरीब वस्त्यांतला हृदयरोग बहुतेक वेळा निराळा असे. दाटीची, ओलसर घरे आणि मुलांच्या घशाचा उपचाराविना राहिलेला संसर्ग यांतून सांधेज्वर होई, आणि तो झडपांवर वण ठेवून जाई. डाव्या बाजूची मायट्रल झडप आकसली की विशीतल्या बाईला जिना चढवत नसे, आणि बाळंतपण जिवावर बेतत असे. जपानच्या कांजी इनोउए यांनी 1982 मध्ये कमरेत चिमटा घेतल्यासारखा फुगणारा फुगा वापरून ही झडप छाती न उघडता मोकळी केली. जिथे हा रोग मोठ्या प्रमाणावर होता त्या भारताइतका या फुग्याचा उपयोग क्वचितच कुठे झाला असेल. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील रुग्णांवर झालेल्या आणि 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तो खुल्या शस्त्रक्रियेच्या तोडीचा, काही बाबतींत सरस ठरला. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयाने 2002 मध्ये अशा 4,850 रुग्णांचा अनुभव मांडला. महागडा फुगा काळजीपूर्वक निर्जंतुक करून पुन्हा वापरावा लागे. त्यावाचून एवढ्या गरिबांपर्यंत तो पोचला नसता.

फरीदाबादच्या रुग्णाची वाटही तेव्हा दिल्लीकडेच जाई : पंत रुग्णालय, नाहीतर एम्स. मथुरा रस्त्याने बदरपूरच्या सीमेवर ट्रकांची रांग असे. तिथला उड्डाणमार्ग 2010 मध्ये खुला झाला. आकसलेल्या झडपेचा रुग्ण तारीख घेऊन थांबू शकत होता. हृदयविकाराच्या झटक्याचे तसे नसते. धमनी पूर्ण बंद झाली की तिच्यापुढचा हृदयस्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो, म्हणून रुग्ण दारात आल्यापासून 90 मिनिटांच्या आत फुगा फुगावा असा दंडक जगभर मानला जातो. हा उपचार दुसऱ्या शहरात असून भागत नाही. फरीदाबादला स्वतःच्या कॅथलॅबची, म्हणजे कॅथेटरने उपचार करण्याच्या कक्षाची, गरज पडली ती या हिशेबामुळे.

पुढाकार उद्योगांनी घेतला. एस्कॉर्ट्सने फरीदाबादेत नीलम-बाटा रस्त्यावर रुग्णालय काढले होते. त्याच समूहाची हृदयरोग संस्था 1988 मध्ये दिल्लीत ओखला रस्त्यावर, फरीदाबादच्या वाटेवर, नरेश त्रेहन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. ट्रॅक्टरच्या कंपनीने हृदयाची संस्था काढावी हे वरवर विचित्र वाटते, पण कारखान्याच्या गावात कामगाराच्या आरोग्याशी मालकाचा रोजचा संबंध येतो. 2005 मध्ये ही रुग्णालये फोर्टिस या रुग्णालयसमूहाकडे गेली. पुढे पुरुषोत्तम लाल यांच्या मेट्रो समूहाचे हृदयरोग रुग्णालय सेक्टर 16-ए मध्ये, एशियन रुग्णालय बडखल भागात आणि 24 ऑगस्ट 2022 रोजी उद्घाटन झालेले, 2,600 खाटांचे नियोजन असलेले अमृता रुग्णालय सेक्टर 88 मध्ये आले. यांच्या येण्याने 90 मिनिटांचा हिशेब शहरातल्या शहरात जुळू शकला.

तंत्रही याच काळात बदलले. जांघेतून नळी घातली की रुग्णाला तासन्‌तास पाय न हलवता पडून राहावे लागे आणि रक्तस्रावाची भीती असे. 1989 मध्ये कॅनडाच्या लुसियाँ कँपो यांनी मनगटातून अँजिओग्राफी केली, 1992 मध्ये नेदरलँड्सच्या किमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. भारतीय डॉक्टरांनी ही वाट मनापासून स्वीकारली. मनगटाला पट्टा बांधलेला रुग्ण थोड्या वेळात उठून बसतो, स्वतःच्या हाताने चहा घेतो. दुसऱ्या दिवशी खाट मोकळी होते, आणि गर्दीच्या रुग्णालयात मोकळ्या खाटेचे मोल फार असते. पायातल्या धमन्यांचे फुगे, सूज आलेल्या महाधमनीत आतून बसवायचे अस्तर (पारोदी, ब्यूनॉस आयरेस, 1990) आणि मांडीतून नेलेली महाधमनीची झडप (क्रिबिए, रुआँ, 2002) हे याच वंशातले पुढचे उपचार. दिवसभर यंत्रापुढे उभे राहून पायांच्या शिरा फुगलेल्या कामगारांना आतून लेसर किंवा उष्णता देऊन त्या बंद करण्याचाही मोठा आधार झाला.

किंमत हा मात्र बराच काळ अडसर राहिला. औषध लावलेला स्टेंट लाखाच्या घरात जाई. कुटुंबे दागिने मोडत, शेत गहाण टाकत. जुलै 2016 मध्ये स्टेंट आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आले आणि फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने साध्या स्टेंटला 7,260 आणि औषधयुक्त स्टेंटला 29,600 रुपये ही कमाल किंमत ठरवली. भारतातल्या हृदयोपचारांच्या इतिहासात एखाद्या नव्या यंत्राइतकेच महत्त्व या आदेशाला द्यायला हवे.

सरकारी बाजूची वाढ हळू झाली, पण झाली. एम्सने 1965 मध्येच बल्लभगढ परिसरातल्या गावांत आरोग्य प्रकल्प सुरू केला. रक्तदाब, तंबाखू आणि साखर यांची गावपातळीवरची पाहणी तिथे होत आली आहे. जो रोग कॅथलॅबच्या दारात येण्याआधी रोखता येतो, त्याचे काम तिथे चालते. तीन नंबरमधल्या कर्मचारी राज्य विमा रुग्णालयाला 2015 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. निर्वासितांच्या बीके रुग्णालयातही खाजगी भागीदारीतून हृदय केंद्र आणि कॅथलॅब सुरू झाली, आणि ज्यांनी विटा वाहून ते रुग्णालय बांधले त्यांच्या नातवंडांना तिथेच अँजिओप्लास्टी मिळू लागली.

या शहरात आता सुई आहे, नळी आहे, कॅथलॅब आहे आणि ती चालवणारे हातही आहेत. कर्मचारी राज्य विम्याची वेतनमर्यादा 2017 पासून दरमहा 21,000 रुपये ठरली. त्या मर्यादेतल्या कामगाराला हा सारा उपचार हक्काने मिळू शकतो, पण त्यासाठी त्याचे नाव विम्याच्या नोंदीत असावे लागते. कारखान्याच्या दारात ठेकेदाराकडून रोजावर घेतलेल्या अनेक माणसांचे नाव तिथे चढलेले नसते. ते चढवणे ही मालकाची कायद्याने ठरवलेली जबाबदारी आहे.