साबण, पाणी आणि एक नळी

लघवीविषयी चारचौघांत बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. आज तो मोडावा लागणार. कर्करोगामुळे माझे मूत्राशय शस्त्रक्रिया करून काढावे लागले. त्याच्या जागी डॉक्टरांनी माझ्याच आतड्याची पिशवी शिवली आणि अपेंडिक्सचा बोगदा करून तिचे तोंड बेंबीत आणले. ही पिशवी आपणहून रिकामी होत नाही. दर चार-पाच तासांनी बेंबीतून बारीक नळी घालून मी ती रिकामी करते. न्हाणीघरात पाच-दहा मिनिटांत उरकणाऱ्या या कामामागे केवढा इतिहास आहे, हे घरी विश्रांती घेताना केलेल्या वाचनातून कळले.

नळी तशी फार जुनी. सुश्रुतसंहितेत नळीच्या आकाराच्या उपकरणांचे, म्हणजे नाडीयंत्रांचे, वीस प्रकार सांगितले आहेत. लघवीची वाट आकसली तर धातूची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप माखून घालावी, असा उपचारही त्यात आहे. १७५२ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी मूतखड्याने हैराण झालेल्या आपल्या भावासाठी चांदीच्या कारागिराकडून लवचीक नळी करवून घेतली. एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि मऊ नळ्या आल्या. त्यांची मापे ठरवली पॅरिसचे उपकरणकार शारिएर यांनी. माझ्या पाकिटावरचा १४ हा आकडा त्यांच्याच मापाचा. त्याला तीनने भागले की नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो.

पण मूत्राशयच नसेल तर? १९५० साली अमेरिकेतील यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावरच्या छिद्रापर्यंत आणण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. छिद्रावर कायम पिशवी चिकटवावी लागते. तरीही ही भरवशाची पद्धत आजही जगभर वापरली जाते. पुढचे पाऊल स्वीडनच्या नील्स कॉक यांनी टाकले. आतडे स्वभावतः अन्न पुढे ढकलते, त्याला साठवण ठाऊक नाही. ते उभे चिरून, दुमडून, गोलसर शिवले की त्याच्या आकुंचनाचा जोर मोडतो आणि लघवी कमी दाबाखाली साठते. त्यांची लघवीसाठीची ही पिशवी १९८२ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी, १९८० साली, फ्रान्समधील पॉल मित्रोफानॉफ यांनी अपेंडिक्सचा नळीसाठी बोगदा करून दाखवला होता. ज्याला आपण बिनकामाचे शेपूट म्हणतो, ते असे कामाला आले.

आता प्रश्न उरला तो ही पिशवी रिकामी करणार कोण, हा. दुसऱ्या महायुद्धात कण्याला इजा झालेल्या सैनिकांना लघवीवर ताबा राहत नसे. जंतुसंसर्ग आणि मूत्रपिंडांचा बिघाड त्यांचा बळी घेई. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली लुडविग गटमन यांनी त्यांच्यासाठी विभाग उघडला. तिथे ठरावीक वेळाने नळी घालून काढण्याची पद्धत पुढे आली. पण ती संपूर्ण निर्जंतुक, आणि नळी घालणार डॉक्टर. म्हणजे रोग्याचा मुक्काम डॉक्टरांच्या सोयीने.

ही गाठ १९७२ साली मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडीस यांनी सोडवली. त्यांचे म्हणणे असे की, मूत्राशय तुडुंब भरून ताणले गेले की त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंचे फावते. तेव्हा निर्जंतुकपणापेक्षा वेळेवर रिकामे करणे महत्त्वाचे. हात साबणाने धुवावेत, नळी स्वच्छ असावी आणि रोग्याने ती स्वतः घालावी. डॉक्टरमंडळींना हे सहज पटले नाही. पण रोग्यांचा अनुभव बोलका ठरला.

मला हे शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "काकू, जोर लावू नका. दीर्घ श्वास घ्या, नळी वाट काढील." शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन आठवडे नळी आतच होती. ती निघाल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. या पिशवीला लघवी लागल्याची नेहमीची जाणीव नसते. घड्याळ हीच जाणीव. सुरुवातीला दर दोन तासांनी आणि रात्रीसुद्धा गजर लावून उठायचे, मग अंतर वाढवत न्यायचे. पिशवी आतड्याचीच असल्यामुळे चिकट स्राव सोडते; तो सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने धुऊन काढायचा. सून म्हणाली, "आई, मी करते ना." तिची माया कळत होती. पण तिने केले असते, तर तिच्या वेळेला मी बांधली गेले असते आणि माझ्या वेळेला ती. आज माझे मी करते.

घरात हे जमले. उंबऱ्याबाहेर मात्र इतिहास अजून पुरा व्हायचा आहे. लॅपिडीस यांच्या पद्धतीला ऑपरेशन थिएटर लागत नाही; लागते ते वाहते पाणी, साबण, पिशवी टेकवायला कोरडी जागा आणि आतून कडी लागणारे दार. एसटीने गावी निघण्याआधी मी तिकिटाच्या पैशांपेक्षा या चार गोष्टींचाच हिशेब अधिक करते. माझ्यासारखे लोक गर्दीत ओळखू येत नाहीत. पण ते आहेत, आणि दर चार-पाच तासांनी त्यांना हे दार हवे आहे.