गुन्हा, अपराध आणि पाप : रत्नागिरीची साक्ष

‘खरे बोललो, हाच माझा गुन्हा’ असे आपण रागाने म्हणतो. ‘अमुकावर गुन्हा दाखल’ अशी बातमी वाचली, की त्या माणसाला मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून मोकळे होतो. रोजच्या वापरातल्या या शब्दाचा नेमका अर्थ शोधू लागलो, तेव्हा शब्दकोशाइतकाच रत्नागिरीचा इतिहास आम्हाला उपयोगी पडला.

‘गुन्हा’ हा शब्द फारसी ‘गुनाह’वरून आला. फारसीत आणि उर्दूत त्याचा मुख्य अर्थ पाप असा आहे. मराठीत ‘पाप’ आणि ‘पातक’ हे शब्द आधीच रुजलेले असल्यामुळे हा पाहुणा देवघराऐवजी कचेरीत स्थिरावला. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘गुन्हेगारी’ म्हणजे वसूल केलेला दंड. ती सरकारी उत्पन्नाची एक बाबच होती. इंग्रजी ‘क्राइम’चे मूळ असलेल्या लॅटिन ‘क्रिमेन’ या शब्दाचा एक अर्थ तर नुसता ‘आरोप’ असा आहे. कायद्याच्या मराठी भाषांतरात ‘अपराध’ असतो, पोलीस ठाण्यात मात्र ‘गुन्हा’च नोंदविला जातो. बोलण्यातली ढोबळ वाटणी अशी दिसते : पाप देवासमोर, अपराध ज्याचा केला त्याच्यासमोर आणि गुन्हा सरकारसमोर.

सरकार बदलले की गुन्हा बदलतो. रत्नागिरीने हे फार जवळून पाहिले आहे.

ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या युद्धात पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यावर खटला चालला नाही, कोणत्याही न्यायालयाने शिक्षा सांगितली नाही. तरीही तीस वर्षे तो येथे बंदीच राहिला. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला. डिसेंबर १९१६ मध्ये येथेच त्याचे निधन झाले. गुन्हा नव्हता, शिक्षा मात्र होती.

याच रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. ‘केसरी’तील लेखांबद्दल १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीतील नऊ जणांपैकी सातांनी त्यांना दोषी आणि दोघांनी निर्दोष ठरविले. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठविण्यात आले ते थिबाच्याच राजधानीत, मंडालेच्या तुरुंगात. कायद्याच्या दृष्टीने ते गुन्हेगार ठरले. लोकांनी त्यांना ‘लोकमान्य’च म्हटले.

तिसरे नाव सावरकरांचे. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे आणि नाशिकच्या कलेक्टरच्या खुनास साहाय्य करणे या आरोपांवरून त्यांना दोन जन्मठेपांची शिक्षा झाली होती. १९२४ मध्ये त्यांची सशर्त सुटका झाली. परंतु रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही व राजकारणात पडायचे नाही, हे बंधन १९३७ पर्यंत राहिले. त्या काळात येथे त्यांनी भाषाशुद्धीची मोहीम चालविली, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. ‘गुन्हा’ मात्र लोकांच्या जिभेवरून उतरला नाही.

त्याच काळात, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. येथे आम्हाला ‘पतित’ या शब्दापाशी थांबावेसे वाटते. ज्यांना समाज पतित म्हणत होता, त्यांनी कोणते पाप केले होते? त्यांना देवळाबाहेर उभे करणे हे पाप होते. पण दंडसंहितेत तो गुन्हा नव्हता. अस्पृश्यता पाळणे हा देशभर शिक्षेस पात्र असा अपराध ठरला तो १९५५ च्या कायद्याने. याउलट, १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तरी ‘गुन्हेगार जमात’ हे शब्द आजही कानी पडतात. कायदा रद्द करता येतो, जिभेवरचा शब्द रद्द करणे कठीण असते.

१८६० ची दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. देशाच्या सार्वभौमत्वास धोका आणणाऱ्या कृत्यांसाठी मात्र कलम आहे. म्हणजे गुन्ह्याला जन्मतारीख असते, कधीकधी मृत्युतारीखही असते. अन्यायाला अशा तारखा नसतात.

म्हणून हा शब्द उच्चारताना आपण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते. गुन्हा दाखल होतो तेव्हा फक्त आरोप लिहिला जातो. निकाल लागेपर्यंत तो माणूस आरोपीच असतो, आणि त्याची मुलेबाळे तर आरोपीही नसतात. दुसरी गोष्ट स्वतःकडे पाहण्याची आहे. ‘आम्ही कोणताही गुन्हा केलेला नाही’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्याने, देवळाच्या पायरीपाशी अडविलेल्या त्या माणसांची एकदा आठवण करावी. त्यांना अडविणाऱ्यांनीही कायद्याने कोणताच गुन्हा केलेला नव्हता.