नाकापासून फुप्फुसापर्यंत

न्यूमोकॉकस हा जिवाणू बहुतेक वेळा कुणालाच आजारी पाडत नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याने पहिल्याच पानावर एवढे लक्षात ठेवावे. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात त्याचा मुक्काम असतो. पाच वर्षांखालच्या कितीतरी मुलांच्या नाकात तो आठवडेच्या आठवडे राहतो आणि मूल अंगणात खेळत असते. मग त्यांतल्याच एखाद्या मुलाच्या फुप्फुसात तो उतरतो, आणि ‘पसली चालतेय, पोट उडतंय’ म्हणत आई त्याला दवाखान्यात आणते. मधल्या वाटेवर काय घडते, हाच या शास्त्राचा गाभा आहे.

बुऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर या तापीकाठच्या पट्ट्यात मराठीतून विचार करणारे विद्यार्थी, परिचारिका आणि आशाताई पुष्कळ आहेत. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी असलीच पाहिजे असे नाही. कुतूहल मात्र हवे.

ओळख प्रयोगशाळेतून करून घ्यावी, असे मी सुचवेन. रक्त मिसळलेल्या आगरवर नमुना पसरायचा, बशी मोठ्या बरणीत ठेवायची, आत मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावायचे. ज्योत विझते तेव्हा आतला कार्बन डायऑक्साइड या जिवाणूला मानवेल इतका वाढलेला असतो. दुसऱ्या दिवशी बारीक वसाहती दिसतात, भोवती हिरवट वलय. आणखी थोडा वेळ थांबलात तर त्या मध्ये खचतात, कॅरमच्या सोंगटीसारख्या. मधले जिवाणू स्वतःच्याच विकराने फुटलेले असतात. हे फुटणे फुप्फुसातही होते, आणि तेव्हा बाहेर पडणारे न्यूमोलायसिन हे विष आपल्या पेशींच्या आवरणाला भोके पाडते.

नाकात टिकून राहणे त्याला सोपे नसते. तिथला चिकट शेंबूड त्याला अडकवून बाहेर ढकलू पाहतो. जिवाणूभोवती साखरेच्या साखळ्यांचे कवच असते आणि त्यावर बहुधा ऋण भार असतो. शेंबडातल्या घटकांवरही तोच भार, म्हणून तो निसटतो. पेशींपर्यंत पोहोचल्यावर मात्र जाड कवच आड येते, तेव्हा पातळ कवचाचे जिवाणू तिथे चिकटून राहतात. रक्तात शिरल्यावर पुन्हा जाड कवचाचेच तग धरतात, कारण भक्षक पेशींना ते सहज गिळता येत नाहीत. या कवचाचे शंभराहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. ग्रिफिथने १९२८ साली याच कवचावर प्रयोग केले, आणि त्यातून १९४४ साली एव्हरी, मॅकलॉइड व मॅकार्टी यांनी दाखवून दिले की आनुवंशिकतेचा वाहक डीएनए आहे. साऱ्या आधुनिक जीवशास्त्रावर या एका जिवाणूचे ऋण आहे, असे मी मानतो.

तो खाली का उतरतो? अनेकदा विषाणू वाट मोकळी करतो. फ्लूमध्ये श्वासमार्गाची झाडलोट करणारे सूक्ष्म केस निकामी होतात आणि पेशींवरची साखर छाटली जाऊन जिवाणूला खाद्य मिळते. १९१८ च्या साथीत जगभरचे बहुतेक मृत्यू फ्लूमागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले. बुऱ्हाणपूर ज्या मध्य प्रांतात होते, तो प्रांत तेव्हा फार होरपळला. चुलीचा धूरही मुलांचा धोका वाढवतो.

या विषयातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम मात्र प्रयोगशाळेतले नाही. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या चमूने आरोग्यसेवकांना आणि सुईणींना मुलांचे श्वास मोजायला आणि साधे प्रतिजैविक द्यायला शिकवले. निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले: पाच वर्षांखालच्या मुलांतले न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी. जिवाणू कोणता, हे त्या सुईणीला ठाऊक असण्याची गरज नव्हती.

लशीची गोष्ट अजून चालू आहे. सरकारी लसीकरणात ही लस मध्य प्रदेशात २०१८ साली आली; सीमेपलीकडच्या रावेर-यावलच्या मुलांना २०२१ पर्यंत थांबावे लागले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस दहा प्रकारांवर आहे. ती नाकातला मुक्कामही कमी करते, म्हणून लस न घेतलेल्यांनाही थोडे संरक्षण मिळते. पण रिकाम्या जागी लशीबाहेरचे प्रकार येऊन बसतात. त्यांच्यावर नजर ठेवायला इथल्याच तरुण अभ्यासकांनी पुढे यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तोवर एवढे करा. खोकणारे मूल समोर आले की ते शांत असताना झबलं वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, किंवा छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. आणि लसीचे कार्ड पाहा: सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने. शेवटचा डोस राहिला असेल, तर तो देववून घ्या.