एरियलपासून राउटरपर्यंत

सीमाभागाचा इतिहास आपण बहुधा १ नोव्हेंबर १९५६ पासून सांगतो. त्या दिवशी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. आपल्या घरांत शिरलेल्या शब्दस्वरांचा इतिहास मात्र निराळा आहे. तो समजून घेण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : घरात काय वाजावे, हे कोणत्या काळी कोण ठरवीत असे?

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे धारवाड (१९५०), पुणे (१९५३) आणि सांगली (१९६३) येथे केंद्रे आली. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या उंच थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. त्यामुळे एरियल नीट ताणली की लांबचे केंद्रही लागे. पुणे केंद्रावरून १९५५ साली गीतरामायण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी राज्याची सीमा बदलली. लहरींना ती सीमा ठाऊक नव्हती. धारवाड लावावे की सांगली, हे घरातील माणूस काटा फिरवून ठरवी.

दूरदर्शनने ही मोकळीक आखडली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, परंतु त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने इतक्या दूर येणे शक्य नव्हते. १९८३ साली सोडलेल्या इन्सॅट-१बी उपग्रहानंतर गावोगावी लघुप्रक्षेपक उभे राहिले. जे प्रक्षेपकावर येई, तेच घरात दिसे.

पुढे केबल आली. अल्फा टीव्ही मराठी १९९९ मध्ये आणि ईटीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाल्यावर उपग्रहामुळे अंतराची अडचण उरली नाही. मात्र त्या वाहिन्या घरच्या संचावर येणे केबलचालकाच्या निवडीवर अवलंबून राहिले. खांबांवरून आलेल्या तारेचे दुसरे टोक त्याच्या खोलीत होते.

आज दिवाणखान्यातील राउटरने चित्र पालटले आहे. राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र क्रमांक देतो आणि त्या क्रमांकांवरून उपकरणे परस्परांशी बोलतात. सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी २००३ साली एकत्र येऊन डीएलएनए ही समान पद्धत ठरविली. तिच्यामुळे राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवरील गाणे किंवा छायाचित्र निराळ्या कंपनीच्या दूरचित्रवाणी संचावर उघडता येते. ती संस्था २०१७ साली विसर्जित झाली, तरी पद्धत टिकून आहे. विशेष म्हणजे, यासाठी बाहेरचे इंटरनेट चालू असण्याचीही गरज नसते.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आपण पुरते ओळखलेले नाही. आजवर घर केवळ ग्रहण करीत होते. आता ते स्वतःचा ठेवाही वाजवू शकते. वडीलधाऱ्यांच्या आवाजातील ओव्या, लग्नकार्यातील मंगलाष्टका, घरातील भजने, यांच्या ध्वनिफिती अनेक कपाटांत पडून असतील. फीत काळानुसार झिजते, चिकटते. ती वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. ती वाजते तोवरच तिचे संगणकीय रूपांतर करून घेतले पाहिजे.

याला दुसरी बाजूही आहे. एकाच राउटरला जोडलेली चार माणसे चार खोल्यांत चार निराळ्या गोष्टी ऐकतात. घरातून मराठी नाहीशी झाली, तर यापुढे प्रक्षेपकाला किंवा केबलचालकाला दोष देता येणार नाही. काटा पुन्हा घराच्या हाती आला आहे. तो कोठे लावायचा, हे आपणच ठरवायचे आहे.