मोठ्या दिवाणखान्यातला स्पीकर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिरलं, की आपण कुठं आलो ते डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग ओळीनं चालू असतात. धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, फटका बसतो, परत फेकला जातो. असे मिनिटाला शंभराहून अधिक फटके, आणि तेही एका मागाचे. इथून चादरी आणि टर्किश टॉवेल देशभर आणि परदेशात जातात. याच भागातल्या एका घरानं आम्हाला एक साधं काम सांगितलं होतं: दिवाणखान्यासाठी चांगले, आणि दिसायलाही चांगले, स्पीकर निवडून द्या.

घर पद्मशाली कुटुंबाचं. दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, आणि चाळीस वर्षं मागावर उभे राहिलेले आजोबा. नातवंडं त्यांना तेलुगू पद्धतीनं ‘तातय्या’ म्हणतात. सगळ्यांचा मिळून एकच मोठा दिवाणखाना: लांबी 8 मीटर, रुंदी 5 मीटर, उंची 3.2 मीटर. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना तेलरंग, बसायला लाकडी सोफा आणि चार खुर्च्या. एवढ्या मोठ्या खोलीला मोठा स्पीकर हवा, असा हिशोब आम्ही केला आणि कमरेच्या वर येणारी एक उंच जोडी घ्यायला लावली. पहिल्याच संध्याकाळी अभंग लावला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तातय्या थोडा वेळ ऐकून म्हणाले, “आवाज लई येतोय, पण काय म्हणतोय ते कळंना.” धाकट्या सूनबाईंचं म्हणणं वेगळं होतं. या दोन काळ्या पेट्या घरात पहारेकऱ्यांसारख्या उभ्या दिसतात, असं त्यांना वाटत होतं.

दोघांचंही बरोबर होतं. आमचं कुठं चुकलं ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

1895 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उघडली. तिच्या व्याख्यानगृहात वक्त्याचं एक वाक्य विरायच्या आत दुसरं त्यावर येऊन आदळे, आणि श्रोत्यांना काहीच कळत नसे. यावर उपाय शोधण्याचं काम वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाकडं आलं. त्याच्याजवळ मायक्रोफोन नव्हता, ध्वनिमापक नव्हता. होती ती ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं साधन आणि स्वतःचे कान. शहर झोपल्यावर रात्री तो नळी वाजवायचा, अचानक बंद करायचा आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतची सेकंदं मोजायचा. रिकाम्या खोलीत ती साडेपाचच्या पुढं भरली. (साडेपाच सेकंदांत आपण किती शब्द बोलतो ते घड्याळ लावून पाहा.)

मग त्यानं जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणवल्या. काही गाद्या मांडायच्या, मोजायचं. आणखी मांडायच्या, पुन्हा मोजायचं. गाद्या वाढल्या की निनाद कमी. पहाट व्हायच्या आत गाद्या परत जागच्या जागी! या हमालीतून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला 0.16 नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. निनादकाल सेकंदांत मिळतो.

शोषण मोजायचं कशात? सॅबिननं घेतलेलं एकक आम्हाला फार आवडतं: उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून 1 चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण. गाद्या, पडदे, माणसं यांची किंमत ‘किती चौरस मीटर खिडकी’ अशी सांगायची. पुढं या एककाला त्याचंच नाव मिळालं. स्वतःच्या कपड्यांमुळंही आकडे बदलतात हे लक्षात आल्यावर त्यानं आधीची पुष्कळ निरीक्षणं टाकून दिली आणि दर वेळी तेच कपडे घालून मोजायला सुरुवात केली. प्रयोगवहीत ‘बाकी परिस्थिती तीच ठेवली’ असं विद्यार्थी लिहितात, तेव्हा आम्हाला हा माणूस आठवतो.

आता सोलापूरचा दिवाणखाना घेऊ. घनफळ 128 घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून सुमारे 163 चौरस मीटर. पण तेलरंग आणि गुळगुळीत फरशी आवाजाचा जेमतेम पन्नासावा भाग शोषतात, म्हणजे तीन-सव्वातीन खिडक्या. दारं, कपाटं, सोफा यांच्या मिळून पाचेक धरल्या. एकूण आठ. 128 गुणिले 0.16, भागिले 8: अडीच सेकंदांच्या आसपास. अशा खोलीत स्पीकरपासून जेमतेम अर्ध्या मीटरपर्यंतच त्याचा थेट आवाज वरचढ असतो. त्यापलीकडं बसलेला माणूस मुख्यतः भिंती ऐकतो. स्पीकर मोठा केला तर भिंतीही तितक्याच जोरानं बोलतात. आम्ही काचा थरथरवण्यावर पैसे घालवले होते.

पण त्याच खोलीत नातवंडांना अभंगाचे शब्द लागत होते. मग तातय्यांनाच का नाही?

याचं उत्तर मागांच्या शेडमध्ये आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज साधारण 95 ते 105 डेसिबेल असतो. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबेलची मर्यादा आहे. 100 डेसिबेलला ती दोन तासांवर येते. ग्लासगोच्या टॉमस बार या डॉक्टरनं 1886 साली बॉयलर बनवणाऱ्या 100 कामगारांचे कान तपासले, तेव्हा एकाचीही श्रवणशक्ती शाबूत निघाली नाही. पुढं कळलं, की गोंगाटानं जाणारं ऐकणं सगळीकडून सारखं जात नाही. 4000 हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो आणि मग तो रुंदावतो. मराठीतले ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ सारखे स्वर खालच्या वारंवारतेत जोरकस असतात, ते शिल्लक राहतात. ‘स’, ‘च’, ‘त’, ‘क’ यांना वेगळं करणारी माहिती वरच्या वारंवारतेत असते, ती गळते. म्हणून अशा माणसाला ‘आवाज येतो, शब्द कळत नाही’. त्यात अडीच सेकंदांचा निनाद आला, की उरलेली क्षीण व्यंजनं आधीच्या स्वरांच्या शेपटीखाली दबून जातात.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर बायका ओठांच्या ठळक हालचालींनी बोलायच्या आणि समोरच्या बाया ते वाचायच्या. तातय्याही बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून पाहतात. टीव्हीवरच्या बातम्या त्यांना बऱ्या कळतात. पण स्पीकरला ओठ नसतात.

आता पेटीकडं वळू. चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचं पेटंट जर्मनीच्या अर्न्स्ट सीमेन्सनं 1874 मध्येच घेतलं होतं. सुरुवातीचे स्पीकर कर्ण्याचे असत. कर्णा आवाज दूर फेकतो. सभेला आणि जत्रेला तो अजून चालतो, घरात त्याचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. 1925 साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी कर्णा काढून टाकला. कागदाचा हलका शंकू, त्याला चिकटवलेलं वेटोळं, आणि कडेला इतकी मऊ पट्टी की शंकूची स्वतःची वारंवारता ऐकायच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला जावी. आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर हा याच जोडीचा वंशज आहे.

त्यात एक अडचण होती. शंकू पुढं सरकतो तेव्हा पुढं हवा दाबली जाते आणि मागं विरळ होते; या दोन लाटा कडेवरून वळून एकमेकींना मारतात, आणि खर्ज नाहीसा होतो. (सुटा स्पीकर वाजवून पाहा, मग तोच पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात बसवा. फरक वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत ऐकू जातो.) मागची लाट कोंडायची तर पेटी हवी, आणि पेटी लहान असली तर आतली हवा शंकूला स्प्रिंगसारखी अडवते. त्यामुळं चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी, असं समीकरण बरीच वर्षं चाललं.

ते मोडलं एडगर व्हिल्चर या अमेरिकन शिक्षकानं. हवेची स्प्रिंग अडवते म्हणून तक्रार कशाला करायची? कडेची पट्टी अगदी ढिली करा आणि हवेलाच स्प्रिंगचं काम द्या. रबरापेक्षा, कापडापेक्षा ती जास्त नियमित असते. 1954 साली त्यानं हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर असा बंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. खर्ज देणारा स्पीकर आता फळीवर मावू लागला. फुकट काही मिळालं नाही: त्याच आवाजाला जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. पण अ‍ॅम्प्लिफायर पुढं स्वस्त होत गेले, खोल्या मात्र मोठ्या झाल्या नाहीत.

आम्ही त्या उंच पेट्या परत केल्या. (दुकानदारानं बरीच कापून घेतली, ते असो.) त्यांच्या जागी हातभर उंचीच्या बंद पेट्यांची सागवानी जोडी आणली. उरलेले पैसे खोलीवर घालवले. फरशीवर तीन कापसाच्या गाद्या. खिडक्यांना चुण्यांचे जाड पडदे. लांब भिंतीवर दुहेरी जाड जेकार्ड कापडाची मोठी वॉल हँगिंग. सोलापूरचे विणकर ती सुरेख करतात. ती भिंतीला चिकटवली नाही, पट्ट्या मारून आठ-नऊ सेंटिमीटर पुढं टांगली. कारण अगदी भिंतीजवळ हवेचे कण हलतच नाहीत, आणि कापड आवाज खातं ते त्याच्या छिद्रांतून हलणाऱ्या हवेच्या घर्षणानं. कण सर्वांत जास्त हलतात ते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. 1000 हर्ट्झला ते अंतर साडेआठ सेंटिमीटर भरतं. या सगळ्यातून अकरा खिडक्या आणि घरातल्या सहा माणसांच्या पावणेतीन अशी भर पडली, आणि हिशोबानं निनाद एका सेकंदाच्या खाली आला. कोपऱ्यात घुमणारा खर्ज या कापडांना फारसा जुमानत नाही. पेट्या कोपऱ्यांतून पुढं ओढल्यावर तो पुष्कळ निवळला.

सूनबाईंनी पेट्यांच्या जाळीलाही चादरीचं कापड लावायचं ठरवलं होतं. आम्ही त्यांना फुंकर मारून पाहायला सांगितली. चादरीच्या पलीकडं धरलेल्या हाताला वारा लागला नाही. ते कापड वरची वारंवारता खाणार, म्हणजे तातय्यांना जी कमी पडते नेमकी तीच! ओळखीच्या कारखान्यातून विरळ विणीचं नक्षीदार कापड मिळालं. त्यातून फुंकर सरळ जाते.

मग परीक्षा. नातीनं काप, ताप, साप, चाप, माप असे शब्द फोनवर रेकॉर्ड करून उलटसुलट वाजवले, तातय्यांनी ऐकू येईल ते सांगायचं. जुन्या पेट्यांवर निम्मेही बरोबर आले नव्हते. आता चारांत तीनाच्या आसपास येऊ लागले, तेही एक पेटी त्यांच्या आरामखुर्चीच्या जवळ, कानाच्या उंचीला ठेवली तेव्हा.

व्हिल्चरची गोष्ट इथं थोडी पुरी करायला हवी. 1967 साली त्यानं आपली कंपनी विकली आणि उरलेलं आयुष्य बरंचसं बहिरेपणाच्या अभ्यासाला दिलं. अशा कानांना बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच मोठा वाटतो; त्यामुळं सगळंच सारखं वाढवणारं यंत्र त्रासदायक होतं. वरच्या आणि खालच्या वारंवारता वेगळ्या करून प्रत्येकीतला बारीक आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवायचा, अशी पद्धत त्यानं 1973 मध्ये प्रसिद्ध केली. आजची श्रवणयंत्रं या कल्पनेवर उभी आहेत.

तातय्यांकडं एक जुनं यंत्र आहे. सगळंच किंचाळतं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं होतं. परवा त्यांनी कानाची तपासणी करून घेतली. आलेखाची रेघ 4000 वर खोल उतरलेली दिसते, आणि नातीनं तो कागद शाळेत बाईंना दाखवायला नेला आहे. नवं यंत्र अजून यायचं आहे. तोवर ‘साप’ आणि ‘चाप’ यांत घोटाळा होतोच.