एच.पी. म्हणजे हॉर्सपॉवर नव्हे

शाळेच्या बँडमध्ये माझ्या वाट्याला एक जुना ट्रॉम्बोन आला होता. पितळ काळवंडलेले, भोंग्याला दोन पोचे आणि नळीवर ठोकलेली इंग्रजी अक्षरे, ‘एच.पी.’. ही वाद्याची हॉर्सपॉवर, असा आम्हा मुलांचा ठाम समज. प्रार्थनेला हार्मोनियम सुरू झाली, की माझा सूर तिच्या वर चढे. सूर जुळवण्याची नळी पुरती बाहेर ओढली तरी चढेच. “अरे, कान आहेत की नुसती भोकं?” असे बँडमास्तर विचारीत. वर्षभरात त्यांनी मला झांजा दिल्या. आपल्याला सुराचे अंग नाही, हे मीही मान्य करून टाकले.

त्या अक्षरांचा अर्थ कळायला मला चाळीस वर्षे लागली. एच.पी. म्हणजे हाय पिच, चढी पट्टी. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत सर्वमान्य अशी एकच पट्टी नव्हती. ब्रिटन-अमेरिकेत बँडची पट्टी चढत चढत ‘ए’ या स्वराच्या सेकंदाला 452 ते 457 कंपनांपर्यंत पोहोचली होती. 1939 साली लंडनच्या परिषदेत 440 कंपने हे प्रमाण ठरले. तरी ब्रिटिश ब्रास बँड 1960च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीतच वाजत होते. म्हणजे माझे वाद्य हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या मध्ये बोलत होते. ते बिघडलेले नव्हते, आणि मीही नव्हतो.

तेव्हापासून जुना ट्रॉम्बोन दिसला, की त्यावर काय लिहिले आहे आणि त्यात काय विचित्र आहे, ते मी आधी पाहतो. या वाद्याची मूळ रचना पाचशे वर्षांत फारशी बदललेली नाही. सुमारे नऊ फुटांची नळी, तिचा एक भाग मागे-पुढे सरकणारा, आणि त्या सरकण्यातल्या सात जागा. म्हणूनच कुठे काही वेगळे दिसले, तर त्यामागे कारण असते.

पहिली नजर टाकावी ती भोंग्याच्या काठावर. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गचे कारागीर तिथल्या पट्टीवर आपले नाव, गाव आणि पुष्कळदा सालही कोरत. एरास्मुस श्निट्झरने 1551 साली घडवलेला ट्रॉम्बोन त्याच शहराच्या संग्रहालयात आहे. आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या ट्रॉम्बोनमध्ये त्याची गणना होते. त्याचा भोंगा आजच्या मानाने अगदी अरुंद. गाणाऱ्यांच्या आवाजाला झाकायचे नाही, साथ करायची, हे त्या काळच्या ट्रॉम्बोनचे मोठे काम होते.

दुसरी नजर सरकत्या नळीवर. तिला एखादा दांडा जोडलेला दिसला, तर कुणी तरी केलेली डागडुजी समजून तो काढू नये. खर्जाच्या ट्रॉम्बोनची नळी इतकी लांब, की शेवटच्या जागेपर्यंत माणसाचा हात पोचत नाही. त्यावर हा दांडा हा एक उपाय. लाइपझिगच्या ख्रिस्तियान फ्रीडरिश साटलर यांनी 1839 साली वेगळा उपाय केला. जादा नळीचे एक वेटोळे बसवून ते कळीने उघडायचे, म्हणजे हात लांबवायची गरजच कमी. आजच्या अनेक ट्रॉम्बोनवर हे वेटोळे असते.

सरकती नळीच नसलेले ट्रॉम्बोनही आहेत. साध्या तीन कळांच्या वाद्यात दोन-तीन कळा एकत्र दाबल्या, की सूर किंचित चढतो. सॅक्सोफोनचे जनक अ‍ॅडोल्फ सॅक्स यांनी 1852 साली सहा स्वतंत्र कळांची पद्धत काढली. सहा कळांच्या सहा जागा आणि एकही कळ न दाबता सातवी! सूर चोख, पण नळ्यांचे जंजाळ जड, आणि वादकाला बोटे नव्याने बसवावी लागत. ते फार चालले नाही.

सगळ्यांत नवलाचा तो फ्रान्समधला ब्युसँ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो तिथल्या लष्करी बँडमध्ये असे. भोंग्याच्या जागी रंगवलेले ड्रॅगनचे डोके, अगदी आपल्या देवळातल्या मकरमुखाची आठवण व्हावी असे; काहींची तर जीभही हलती. त्याला नुसते खेळणे म्हणू नये. बर्लिओझसारख्या संगीतकाराने 1824च्या आपल्या ‘मेस सोलेनेल’ या रचनेत त्याला जागा दिली होती.

एच.पी.चा उलगडा झाला, तेव्हा मी शाळेत गेलो. कपाट तेच होते. ट्रॉम्बोन मात्र मोडीत गेला होता, किलोच्या भावाने.

आपल्या शाळेच्या, क्लबाच्या किंवा घराच्या माळ्यावर असे एखादे वाद्य असेल, तर एवढेच करा. पोचे काढायला आणि बफिंगच्या चाकावर चकचकीत करायला देण्याआधी ते उजेडात धरून नीट पाहा. चाकाखाली सगळ्यांत आधी झिजतात ती अक्षरे. ती वाचा, कागदावर उतरवून घ्या, फोटो काढा. आणि ते वाजवणारे पोर बेसूर वाटले, तर त्याच्या हाती झांजा देण्याआधी नळीवर काय ठोकले आहे, तेही बघा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)