तळटीप १४ : हिंगणा ठाण्यातील चौकशी

१४. हिंगणा हे नागपूरलगतचे तालुक्याचे ठिकाण. ठाण्यात चौकशीला बसवलेल्या संशयिताला स्वतःला गोवणारे उत्तर देण्याची सक्ती करता येत नाही (संविधान, कलम २०(३), ‘नंदिनी सत्पथी’ निकाल, १९७८). अटक झाल्यास वकिलाला भेटता येते. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. अशाने गुन्हेगार सुटतात, हा आक्षेप टिकत नाही : पोलिसांपुढचा कबुलीजबाब, मुद्देमाल सापडण्यापुरता अपवाद सोडल्यास, कोर्टात पुरावा ठरत नाही. मारून वदवलेल्या कबुलीने तपास मात्र भरकटतो. नागपुरातच १९९३ साली अशा मारहाणीनंतर एक संशयित कोठडीत दगावला; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दोषी पोलिसांची शिक्षा ३ वर्षांवरून ७ वर्षांवर नेली.